तिरुपूरचं सांडपाणी: पाणी परत मिळालं, हिशेब मात्र मिठाने जुळवला

कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरा, पाणीही वाचेल आणि उत्पादनखर्चही उतरेल, असं उद्योगांच्या मेळाव्यात हमखास ऐकायला मिळतं. पाणी वाचतं, यात वाद नाही. खर्च उतरायला मात्र बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात, आणि त्या कोणत्या हे बघायचं तर तामिळनाडूतल्या तिरुपूरइतकं बोलकं प्रकरण देशात दुसरं क्वचितच सापडेल. तिथे सगळं घडून गेलं आहे: नदीची वाट लागली, धरण निकामी झालं, शेतकरी कोर्टात गेले, सातशेच्या वर डाईंग युनिटांना, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना, एका आदेशात कुलूप लागलं, आणि त्यानंतर तोच धंदा पुन्हा उभा राहून निर्यातीत कितीतरी पुढे गेला.

नोय्यल आणि ओरत्तुपालयम

नोय्यल ही कावेरीची उपनदी. कोइमतूरच्या पश्चिमेला वेल्लियंगिरीच्या डोंगरात उगम पावते, कोइमतूर आणि तिरुपूर शहरांतून जाते आणि पुढे करूर जिल्ह्यात कावेरीला मिळते. ही काही बारमाही नदी नव्हे. पावसाळा सोडला तर तिच्यात वाहणारं पाणी म्हणजे शहरांनी सोडलेलं पाणी, असं म्हटलं तरी चालेल.

तिरुपूर होजिअरीचं गाव. आधी देशी बाजाराचे बनियन आणि १९८० नंतर युरोप-अमेरिकेला जाणारे टी-शर्ट. सूत विणणं, कापणं, शिवणं यांना पाणी जवळजवळ लागतच नाही. पाणी पितं ते डाईंग आणि ब्लीचिंग. निर्यात वाढली तशी रंगाई वाढली आणि ती सगळी नोय्यलच्या काठी आणि तिच्या ओढ्यांच्या कडेला वसली.

खालच्या अंगाला ओरत्तुपालयम इथे १९९२ मध्ये धरण बांधून झालं. त्यावर ईरोड आणि करूर भागातली सुमारे २० हजार एकर शेती भिजायची होती. काही वर्षांतच धरणात साठलेलं पाणी शेताला द्यायच्या लायकीचं राहिलं नाही. आपल्याकडे शेतकरी आवर्तन सोडा म्हणून मोर्चा काढतात. तिथल्या शेतकऱ्यांना धरणाचं पाणी आमच्याकडे सोडू नका म्हणून भांडावं लागलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिरुपूरमध्ये प्रक्रियाच होत नव्हती असं नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, म्हणजे सीईटीपी, उभी राहिली होती. चुना आणि फेरस सल्फेट टाकायचं, गाळ खाली बसवायचा, वरचं निवळ पाणी सोडून द्यायचं. रंग बऱ्यापैकी जायचा. पण पाण्यात विरघळलेलं मीठ तसंच राहायचं, उलट चुन्यामुळे क्षारांत भरच पडायची. लालनिळं पाणी बिनरंगी झालं, एवढाच काय तो फरक. भाताला आणि नारळाला पाण्याच्या रंगाशी देणंघेणं नसतं, मारतं ते मीठ.

शंभर किलोच्या एका लॉटमध्ये काय होतं

सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने रंगवताना मीठ का लागतं, ते आधी बघू. पाण्यात कापसाच्या तंतूवर ऋणभार येतो, रंगाचा रेणूही ऋणभारितच असतो. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. बाथमध्ये, म्हणजे मशीनमधल्या रंगाच्या पाण्यात, भरपूर मीठ घातलं की हे दूर सारणं मंदावतं आणि रंग तंतूवर चढतो. मग सोडा अ‍ॅश घालून पाणी चांगलं अल्कधर्मी केलं की रंग आणि तंतू यांच्यात पक्का रासायनिक बंध तयार होतो. मिठाची भूमिका लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची. दोघांना जवळ आणायचं आणि निघून जायचं. कापडात मीठ राहत नाही. जेवढं घातलं तेवढं सगळं गटारात.

आता आकडे. शंभर किलो निटेड कापड कमी पाण्यात चालणाऱ्या सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये घातलं आणि किलोला सहा लिटर पाणी धरलं, तर एक बाथ ६०० लिटरचा झाला. मध्यम गडद शेडला, म्हणजे रंगछटेला, लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरा. म्हणजे ३६ किलो मीठ. काळा किंवा गडद निळा असेल तर ८० ग्रॅमपर्यंत जावं लागतं, म्हणजे ४८ किलो. त्याच कापडाला जुन्या विंच मशीनवर किलोमागे १५ लिटर पाणी लागायचं, तेव्हा बाथ दीड हजार लिटरचा आणि मीठ ९० किलो. कापडाच्या वजनाएवढंच मीठ, म्हणा ना.

बाथ एकच नसतो. स्कावरिंग-ब्लीचिंग, न्यूट्रलायझेशन, रंगाई, मग धुण्याचे दोन-तीन बाथ, सोपिंग, गरम धुणं, फिक्सिंग, सॉफ्टनर. नऊ-दहा वेळा मशीन भरायचं आणि रिकामं करायचं. सगळं मिळून किलोमागे ५० ते ६० लिटर. यात ते ३६ किलो मीठ पसरलं की लिटरमागे सहा ग्रॅम होतं, आणि सोडा अ‍ॅश वगैरे धरून सात-आठ. तिरुपूरच्या सांडपाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागे ६ ते ८ हजार मिलिग्रॅम का असतं, याचं उत्तर इथेच मिळतं. नदीनाल्यात सोडायची मर्यादा होती २१००.

शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचा एक मोठा हिस्सा, साधारण पाचवा ते तिसरा भाग, कापडाला न चिकटता पाण्याशीच संयोग पावून वाया जातो. सोपिंगमध्ये तो धुऊन काढावा लागतो. नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्याला रंग सुटतो आणि अख्खी ऑर्डर परत येते. म्हणून धुण्याचं पाणी एका मर्यादेखाली आणता येत नाही.

शहरातली सगळी युनिटं मिळून दिवसाला आठ-नऊ कोटी लिटर सांडपाणी निघायचं. लिटरमागे सात ग्रॅम धरलं तर रोजचं ५६० ते ६३० टन मीठ झालं. ओरत्तुपालयमच्या भिंतीआड काय साठत गेलं, ते यावरून समजेल.

दंड भरणं परवडत होतं

खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांची कोर्टातली लढाई १९९६ पासूनची. निर्णायक आदेश आला तो नोय्यल लाभधारक शेतकऱ्यांच्या संघटनेच्या याचिकेवर. मद्रास उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २००६ रोजी सांगितलं की ३१ जुलै २००७ पर्यंत शून्य विसर्ग गाठा, नदीत थेंबही जाता कामा नये. तोवर सोडलेल्या प्रत्येक लिटरला दंड: आधी सहा पैसे, मग आठ, मग दहा.

हा दंड घनमीटरमध्ये मांडून बघा. सहा पैसे लिटर म्हणजे हजार लिटरला ६० रुपये, दहा पैसे म्हणजे १०० रुपये. आरओ (दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळणारं यंत्र) लावून, उरलेलं पाणी आटवून, मीठ कोरडं करून शून्य विसर्ग गाठायचा खर्च त्याहून बराच जास्त पडत होता. दोनशे रुपयांच्या आसपासचे आकडे तिरुपूरच्या चर्चेत वारंवार येतात. मग कुठला कारखानदार आधी दंड भरणार नाही? न्यायालयाचा हेतू रास्तच होता, पण दर असा ठरला की बेकायदा वागणं स्वस्त राहिलं. प्रदूषणाचा दंड ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार आधी करून बघावा, असं मला वाटतं.

डाईंगवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑक्टोबर २००९ ला तिथेही उच्च न्यायालयाचा आदेश कायम झाला आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली. मुदत गेली, पाणी वाहतच राहिलं. अखेर अवमान याचिकेवर २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने सगळी डाईंग-ब्लीचिंग युनिटं आणि सीईटीपी बंद करायला सांगितलं. वीजजोडण्या तोडल्या गेल्या. शून्य विसर्ग जमला असं सिद्ध करा, मगच सुरू करा.

त्यानंतरच्या काही महिन्यांत विणलेलं कापड रंगवायला बाहेरच्या गावांत, बाहेरच्या राज्यांत जाऊ लागलं. वाहतूक वाढली, शेड जुळेना, माल उशिरा जाऊ लागला. चोरून चालणारी युनिटं दुसऱ्या नद्यांच्या काठी निघाली, म्हणजे दुखणं एका नदीवरून दुसरीवर सरकलं. बाहेरगावाहून आलेले मजूर परतले. शिलाईची युनिटं उघडी होती, पण शिवायला रंगीत कापडच नव्हतं.

आरओपर्यंत सगळे पोचले होते, अडलं पुढे

२०११ मध्ये जे बंद झाले ते सगळे हात बांधून बसले होते, असं समजणं चूक ठरेल. आदल्या चार-पाच वर्षांत शेकडो कोटी रुपये घालून आरओ आणि पाणी आटवणारे इव्हॅपोरेटर बसवले गेले होते. मग अडलं कुठे?

आरओ सांडपाण्याचे दोन भाग करतो. शंभर लिटरांतले ८५ ते ९० लिटर चांगलं पाणी म्हणून परत मिळतात. उरलेल्या १०-१५ लिटरांत जवळजवळ सगळं मीठ, उरलासुरला रंग आणि कडकपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) एकवटतो. याला रिजेक्ट म्हणतात. आरओचा पडदा याच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण मीठ जितकं घट्ट होत जातं तितका दाब वाढवावा लागतो आणि पडद्यावर क्षारांचा थर बसायला लागतो.

रिजेक्टचं करायचं काय? पहिलं उत्तर होतं, आटवून टाका. पाणी आटवणं किती महाग पडतं, हे एका आकड्यावरून कळेल. एक टन पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता विजेत मोजली तर सुमारे ६३० युनिट होते. पाच-सहा टप्प्यांचा इव्हॅपोरेटर लावून एकाच वाफेकडून पुन्हा पुन्हा काम करून घेतलं की हा आकडा बराच खाली येतो, वाफ दाबून पुन्हा वापरणाऱ्या यंत्रात आणखी खाली. तरीही आरओला जिथे विजेची मोजकी युनिटं पुरतात तिथे इव्हॅपोरेटरला त्याच्या दसपट तरी लागतात. बॉयलरचं जळण वेगळं.

त्यात खाण्याच्या मिठातलं क्लोराईड स्टेनलेस स्टीलला बारीक बारीक भोकं पाडतं. नळ्या गळायला लागल्या, गाळ आणि कडकपणाचा थर चढायला लागला, इव्हॅपोरेटर ठरलेल्या क्षमतेच्या खाली चालू लागले. रिजेक्ट मात्र रोज येतच होतं. साठवायला जागा किती दिवस पुरणार? इव्हॅपोरेटर बंद पडला की आरओही थांबवावा लागतो, आणि आरओ थांबला की एक तर डाईंग थांबवा नाहीतर रात्री नदीकडचा व्हॉल्व्ह उघडा. अशी सगळी रड होती.

अरुळपुरमचा प्रयोग

मे २०११ मध्ये तामिळनाडूत सरकार बदललं. नव्या सरकारने १८ सीईटीपींसाठी २०० कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज जाहीर केलं. चाचणीसाठी पुढे आला तो अरुळपुरमचा सीईटीपी, दिवसाला ५५ लाख लिटर क्षमतेचा. तामिळनाडू वॉटर इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिथे प्रश्नच उलटा करून मांडला. रिजेक्ट म्हणजे मिठाचं घट्ट पाणी. डाईंगवाला सकाळी उठून काय करतो? साध्या पाण्यात पोती रिकामी करून मिठाचं पाणीच बनवतो. मग एकाने आटवायचं आणि दुसऱ्याने पुन्हा विरघळवायचं, हा खटाटोप कशाला? रिजेक्टमधला कडकपणा आणि रंग काढून टाका, लागेल तितकं घट्ट करा आणि ते पाणी, म्हणजे ब्राइन, सरळ पाइपने डाईंग युनिटला द्या.

ऐकायला सोपं. डाईंग मास्तरला पटवणं त्याहून अवघड. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा अंश राहिला की सोडा अ‍ॅश घातल्याबरोबर ते साका धरतात आणि कापडावर डाग उमटतात. ब्राइनमध्ये कालच्या लाल लॉटची झाक उरली तर आजचा फिका पिवळा बिघडतो. आणि लिटरमागे मीठ नेमकं किती आहे हे लॉटलॉटला बदलायला लागलं तर शेड कशी जुळायची? म्हणून कडकपणा शोषून घेणाऱ्या रेझिनच्या गाळण्या आणि रंग काढण्याची आणखी एक पायरी रिजेक्टसाठी वेगळी घालावी लागली. प्रत्येक युनिटमध्ये ब्राइनची घनता मोजून मगच किती घालायचं ते ठरू लागलं. गडद शेडना ब्राइन आधी, फिक्यांना मीठ नवं, अशी वाटणी करता येते आणि ती शहाणपणाची आहे.

दुसरा बदल झाला तो मिठाच्या जातीत. खाण्याचं मीठ सोडून सोडियम सल्फेट, बाजारातलं नाव ग्लॉबर सॉल्ट. रंगाईला दोन्ही चालतात, फरक आहे परत मिळवण्यात. खाण्याचं मीठ पाण्यात जवळपास एकाच मापात विरघळतं, पाणी थंड असो वा गरम: शंभर ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅमच्या आसपास. सोडियम सल्फेटचं तसं नाही. तीस अंशाला शंभर ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम विरघळतं, दहा अंशाला जेमतेम नऊ. म्हणजे घट्ट केलेलं पाणी चिलरने थंड केलं की मिठाचे खडे आपोआप खाली बसतात, सगळं पाणी आटवायची गरज राहत नाही. शिवाय हे खडे बऱ्यापैकी शुद्ध निघतात, घाण मागच्या पाण्यात राहते. क्लोराईड कमी झाल्याने स्टीलही टिकतं. सल्फेटचे स्वतःचे त्रास आहेतच: ते सिमेंट-काँक्रीट खातं, आणि हवा न मिळालेल्या टाकीत त्याच्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. अशा टाकीत गॅस न मोजता माणूस उतरवणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे, आणि देशभर अजूनही तसं उतरवलं जातं.

आज तिरुपूरच्या पद्धतीचा सीईटीपी ढोबळ मानाने असा चालतो: युनिटांकडून पाइपने सांडपाणी येतं, मोठ्या टाकीत एकजीव होतं, जिवाणूंकडून त्यातली सेंद्रिय घाण खाल्ली जाते, रंग काढला जातो, गाळण्या आणि रेझिनमधून जाऊन ते तीन-चार टप्प्यांच्या आरओत शिरतं. चांगलं पाणी एका पाइपने युनिटांना परत, ब्राइन दुसऱ्या पाइपने. उरलेलं इव्हॅपोरेटरला आणि मिठाचे खडे पाडणाऱ्या क्रिस्टलायझरला. परत मिळणारं पाणी ९५ टक्क्यांच्या वर जातं.

जुळणीच्या या सगळ्या क्रमात एक सूत्र आहे: जे काम आरओ करू शकतो ते इव्हॅपोरेटरकडे जाऊ द्यायचं नाही, आणि जे ब्राइन म्हणून वापरता येतं ते आटवायचं नाही. इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी येणारा प्रत्येक घनमीटर म्हणजे आधीच्या कोणत्या तरी पायरीवर केलेली हलगर्जी.

पैशांचं काय?

हा हिशेब मी बाजाराचे ढोबळ दर धरून मांडतो आहे. दर खालीवर झाले तरी त्याचा आकार बदलत नाही.

तिरुपूरमध्ये उद्योगाला पाणी कधीच फुकट नव्हतं. भूजल मचूळ आणि कडक, म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने यायचं. २००५-०६ च्या सुमारास न्यू तिरुपूर एरिया डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची १८.५ कोटी लिटरची योजना सुरू झाली आणि उद्योगांना घनमीटरमागे ४५ रुपयांच्या घरात पाणी मिळू लागलं. देशातल्या औद्योगिक पाण्याच्या मानाने हा दर चढाच.

एक घनमीटर सांडपाणी घ्या. त्यातून ९५० लिटर पाणी परत आलं, ते झालं ४३ रुपयांचं. त्यात सात किलो मीठ होतं, त्यातलं सहा किलो ब्राइन किंवा खड्यांच्या रूपाने परत आलं. सोडियम सल्फेट किलोला १२ रुपये धरलं तर ७२ रुपये. म्हणजे सांडपाण्यात विकत घ्यावं लागणारं सर्वांत महाग काही असेल तर ते पाणी नव्हे, मीठ. दोन्ही मिळून ११५. प्रक्रियेचा खर्च २०० धरला तर ८५ रुपये पदरचे गेले. किलो कापडाला ६० लिटर लागत असतील तर हा निव्वळ बोजा किलोमागे पाच रुपयांचा, आणि किलोत पाच-सहा टी-शर्ट निघतात. एका टी-शर्टला रुपयाच्या आतबाहेर.

तेव्हा ‘पुनर्वापराने खर्च कमी झाला’ असं म्हणायचं तर कशाच्या तुलनेत, ते आधी सांगायला हवं. नदीत सोडून देण्याच्या तुलनेत? नाही, कधीच नाही. ते फुकट होतं, कारण बिल ओरत्तुपालयमचा शेतकरी भरत होता. सगळं रिजेक्ट आटवण्याच्या तुलनेत? हो, भरपूर. युनिटला कुलूप लागण्याच्या तुलनेत? तिथे हिशेब मांडायचंही कारण नाही.

पण खरी बचत सीईटीपीत झाली नाही, ती झाली मशीनवर. सीईटीपी सभासदाला मीटरप्रमाणे बिल लावतो, आणि प्रत्येकाला दिवसाला किती लिटर पाठवता येतील याचा कोटा असतो. पूर्वी धुण्याचा नळ उघडा राहिला तर पाण्याचे ४५ रुपये जात होते. आता तेच पाणी पुढे प्रक्रियेला जातं आणि त्याचे २०० लागतात. शिवाय कोटा संपला की दुसरा लॉट घेता येत नाही. ही वेसण बसल्यावर जुन्या विंच निघाल्या आणि कमी पाण्याची सॉफ्ट फ्लो मशीनं आली. शंभर किलोला ९० किलोच्या जागी ३६ किलो मीठ, हा वर दिलेला फरक इथे रोकड होतो: नवं मीठ कमी, रिजेक्ट कमी, इव्हॅपोरेटरचं जळण कमी. नुसतं धुण्याचं पाणी कमी केलं तर आरओचा भार हलका होतो, पण मीठ तेवढंच राहतं. बाथ लहान केला तर दोन्ही घटतात. यंत्रखरेदीत आधी काय घ्यायचं, हे यावरून ठरवता येतं.

एक फायदा मात्र हिशेबात सहसा धरला जात नाही. आरओचं परत आलेलं पाणी नव्या पाण्याहून चांगलं असतं. कडकपणा नाही, लोह नाही, उन्हाळा-पावसाळा एकच प्रत. शेड पहिल्या फटक्यात लागायचं प्रमाण वाढतं. एक लॉट सुधारायला पुन्हा रंगवावा लागला की पाणी, मीठ, रंग, वाफ आणि मशीनचे तास सगळं दुप्पट. त्यामुळे परत रंगवावे लागणारे लॉट थोडे कमी झाले तरी महिन्याच्या ताळेबंदात ते दिसतं. तसंच मशीनमधून निघणारं गरम पाणी सीईटीपीला पाठवण्याआधी थंड करावंच लागतं, जिवाणू आणि पडदे दोघांनाही चाळिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. ही उष्णता हीट एक्स्चेंजरने येणाऱ्या पाण्याला दिली की बॉयलरचं काम हलकं होतं. तिरुपूरचे उद्योजक पवनचक्क्यांत पैसे घालून बसले आहेत, त्याचाही विजेच्या बिलाला हातभार लागतो.

धंदा बुडाला का? २०११ मध्ये तसं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ होते. २०२१-२२ मध्ये तिरुपूरची निटवेअर निर्यात ३० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. ती केवळ शून्य विसर्गामुळे वाढली असं कोणी म्हणू नये, रुपया, मागणी, चीनमधली मजुरी अशी दहा कारणं आहेत. पण युरोपातले मोठे ब्रँड आता पुरवठादाराच्या गटारापर्यंत चौकशी करतात, तेव्हा तिरुपूरकडे दाखवायला काहीतरी असतं.

लहान युनिटांची गोष्ट मात्र वेगळी. डाईंगचा धंदा बहुतांशी जॉबवर्कचा, किलोमागे ठरलेल्या दराचा. निर्यातदार दर वाढवून देत नाही, सीईटीपीचं बिल थांबत नाही, कर्जाचे हप्ते चालूच. सीईटीपीत भाग घेण्याइतकं भांडवल नसलेले बरेच जण या काळात धंद्यातून बाहेर गेले किंवा चोरून चालवणाऱ्यांत सामील झाले. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च मोठ्याला किलोमागे पडतो, लहानाला दारामागे, म्हणजे माल थोडा असला तरी तेवढाच.

गोदामातला ढीग

शून्य विसर्ग या शब्दांत एक पळवाट आहे: शून्य आहे ते द्रव. खड्यांचं मीठ काढून झाल्यावर जे शेवटचं काळपट पाणी उरतं, ते सुकवलं की मिश्र मीठ मिळतं. सल्फेट, क्लोराईड, कडकपणा, रंगाचे अवशेष, सगळं एकत्र. रंगाईला ते चालत नाही, दुसरं कोणी घेत नाही, आणि पावसात भिजलं तर विरघळून पुन्हा जमिनीत. म्हणून छपराखाली पोत्यांतून ते साठवत राहायचं. तिरुपूरच्या सीईटीपींच्या आवारात असे ढीग वर्षानुवर्षं वाढत गेले आहेत. जुन्या चुन्याच्या प्रक्रियेतला गाळ वेगळाच. तो काही प्रमाणात सिमेंट भट्ट्यांकडे जाऊ शकतो, मिश्र मिठाला तशीही वाट नाही.

यावर खरा उपाय उगमाशी आहे: दोन्ही मिठं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. सल्फेट वापरणाऱ्या सीईटीपीत एका सभासदाने स्वस्त पडतं म्हणून खाण्याच्या मिठाची पोती चोरून आणली, तर सगळ्यांचा क्रिस्टलायझर बिघडतो आणि मिश्र मीठ वाढतं. रेझिन धुवायला वापरलेलं मीठही यातच भर घालतं. कमी मिठात चढणारे रंग बाजारात आहेत, महाग आहेत. पण तुलना करताना फक्त रंगाचा किलोचा दर न बघता त्यात वाचलेल्या मिठाचा पुढचा सगळा प्रवास धरला, तर काही गडद शेडमध्ये ते परवडतात.

इचलकरंजीला यातलं काय घेता येईल

आपल्याकडे ही चर्चा निघाली की इचलकरंजीचं नाव येतंच. पंचगंगा कारखान्यांच्या आणि गावांच्या सांडपाण्याने खराब झालेली, आणि शहराला पिण्याचं पाणी दूधगंगेवरच्या सुळकूडहून आणायचं म्हटलं की कागलच्या बाजूच्या गावांचा विरोध. म्हणजे एका नदीत सोडायचं आणि दुसरीतून मागायचं, हा वाद इथेही आहेच. तेव्हा तिरुपूर इथे उचलून आणा, असं म्हणणारे भेटतात.

तसंच्या तसं आणणं चुकीचं ठरेल, आणि कारण पुन्हा मीठच. तिरुपूरचा सगळा थाट सुती निटवेअरच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईसाठी उभा आहे. पॉलिएस्टर रंगवतात डिस्पर्स रंगांनी, त्यांना मीठ लागत नाही. ज्या प्रोसेस हाउसमध्ये पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचं काम जास्त, तिथलं सांडपाणी टीडीएसला हलकं असतं. जैविक प्रक्रिया, चांगली गाळणी आणि आरओ एवढ्यावर त्याचा मोठा भाग परत येऊ शकतो आणि रिजेक्ट कमी खारं निघतं. तिथे इव्हॅपोरेटरचा डोंगर उभा करणं म्हणजे पैशांचा आणि जळणाचा अपव्यय. उलट सोलापूरच्या टॉवेल-चादरीसारखं सुती सूत जिथे गडद रंगतं, तिथे तिरुपूरचा ब्राइनचा मार्ग थेट लागू पडतो. प्रिंटिंगचं पाणी आणखी तिसऱ्याच जातीचं, त्यात युरिया आणि गम.

महाराष्ट्रात उद्योगाची वीज महाग आहे आणि औद्योगिक पाणी बऱ्याच ठिकाणी त्या मानाने स्वस्त. वरच्या हिशेबात पाण्याचे ४३ रुपये धरले होते ते इथे निम्म्यावर येतील आणि विजेचा खर्च चढेल, म्हणजे पदरचे जाणारे पैसे ८५ च्या वरच. म्हणूनच इथे पहिली गुंतवणूक सीईटीपीच्या विस्तारात न करता प्रत्येक युनिटच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर मीटर आणि टीडीएसची नोंद ठेवण्यात करावी, असं माझं मत आहे. कोणाच्या गटारात किती मीठ आहे हे कळल्याशिवाय सामाईक केंद्राचं बिल न्याय्य लावता येत नाही, आणि लिटरवर एकच दर लावला तर मीठ न वापरणारा मीठ वापरणाऱ्याचं बिल भरत राहतो. खारं आणि गोडं पाणी वेगळ्या पाइपांनी नेलं तर निम्म्याहून जास्त पाण्याला आरओची गरजच कमी पडते. हे पाइप टाकायला जागा आणि पैसा लागतो खरा, पण गटारं एकदा एकत्र बांधून झाली की नंतर ती वेगळी करायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.